झालिप्येची एक दिवसाची सहल: भिंतींना पैकीच्या पैकी, सहलीला काठावर पास

पोरगा पोलंडमधल्या क्राकुफला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडं राहून आलो. लातूरला परतल्यापासून कॉलनीतल्या तीन घरांतून एकच विचारणा झाली: आमचीबी लेकरं तिकडंच हायत, ते फुलांच्या घरांचं झालिप्ये गाव बघावं का, आन् त्या सहलीच्या गाडीनं जावं का? तिघींना तीनदा सांगून झालं. चौथीला हे वाचायला देणार आहे.

गाव जरूर बघा. गाडीनं जाऊ नका. घाईत असाल तर इथंच थांबलात तरी चालेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळं गुण देताना हात जरा आखडता असतो, हे धरून चाला. सहलवाल्यांचं नाव लिहीत नाही. अशा गाड्या काढणारे तिथं पुष्कळ आहेत आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही. माणशी साडेतीनशे झ्लॉटी घेतले, म्हणजे आपले आठ हजारांच्या आसपास. दोघांचे सोळा. आमचे हे तर तिकीट बघूनच म्हणाले, "एवढ्यात आपलं अख्खं माहूर-औंढा-परळी होतंय, तेबी मुक्कामासहित." ते खरंच आहे, पण पोरानं आधीच पैसे भरले होते.

गाडी चांगली होती. नऊ जण, गार हवा, सीटला पट्टे, निघायच्या वेळेला निघाली. इथपर्यंत तक्रार नाही.

क्राकुफहून पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर तार्नुफ हे मोठं शहर, आणि तिथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर झालिप्ये. तार्नुफच्या दक्षिणेला कार्पेथियन डोंगरांच्या टेकड्या चालू होतात. आपण मात्र उलट्या दिशेनं, उत्तरेला उतरत जातो. जमीन बघता बघता ताटासारखी सपाट होते. ही व्हिस्चुला नदीची खालची पट्टी. दुनायेत्स नावाची दुसरी नदी दक्षिणेच्या तात्रा डोंगरांतून येते आणि याच भागात व्हिस्चुलाला मिळते. म्हणजे आपल्या भाषेत संगमाच्या कोपऱ्यातला मुलूख. रस्त्याकडेनं विलोची झाडं, मधून मधून तळी, आणि शेतं अशी लांबच लांब अरुंद पट्ट्यांची की वाटावं धोतरं वाळत घातलीत. एक पट्टी राय नावाच्या धान्याची, शेजारी बटाटा, मग कोबी, मग नुसतं गवत. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. ह्यांनीही तेच बघितलं होतं. "वाटण्या," ते म्हणाले. आमच्या सासऱ्यांच्या अठरा एकरांचं चार भावांत जे झालं, तेच इथं पिढ्यान् पिढ्या झालंय. गॅलिशिया म्हणायचे या मुलुखाला. बापाच्या मागं पोरांत जमीन वाटायची, पुन्हा त्यांच्या पोरांत. शेवटी नांगर वळवायला जागा पुरेना, तेव्हा माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली.

यातलं अवाक्षर आमच्या गाइडनं सांगितलं नाही. पंचविशीतला पोरगा, इंग्रजी झकास, पण वाटभर सांगितलं काय तर फोटो कुठं चांगला येतो.

पाण्याचं मात्र आम्हीच विचारलं. २०१६ साली ज्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या लातूरकरांना नदी दिसली की राहवत नाही. विहिरीला पाणी किती खोलीवर लागतं, हा ह्यांचा प्रश्न ऐकून गाइड हसला. इथं पाण्याचा त्रास वेगळा आहे, ते जास्त होतं. १९३४ साली दुनायेत्सला मोठा पूर आला होता, आणि अगदी अलीकडं २०१० मध्ये व्हिस्चुलानं काठच्या कितीतरी गावांना घरातून बाहेर काढलं. नदीकाठी बांध घातलेत, ते रस्त्यावरून दिसतात.

गावाचं नाव झाडावरून आहे. लिपा म्हणजे तिथलं लिंडनचं झाड, आणि झालिप्ये म्हणजे लिपाच्या पलीकडचं. आपल्याकडं पिंपळगाव, बोरगाव, चिंचोली असतं तसंच. जूनमध्ये ही झाडं फुलतात आणि वास थेट गाडीत येतो. तो वास मात्र फुकट होता.

आता गाव म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं काय येतं? वेस, पार, मारुती, घराला घर चिकटून गल्ल्या. झालिप्ये तसं अजिबात नाही. आपण शेतात आखाडा करून राहतो तशी एकेक घरं लांब लांब विखुरलेली. रंगवलेली घरं वीसेक असतील, पण एकापासून दुसरं बघायला पायपीट पाहिजे, नाहीतर सायकल. सहलवाल्यांनी आम्हाला संग्रहालयाला चाळीस मिनिटं दिली, चर्चला दहा, आणि त्यानंतर गावाबाहेरच्या कुठल्याशा दुकानात पाऊण तास. हिशेब तुम्हीच करा.

पण ती चाळीस मिनिटं!

संग्रहालय म्हणजे एका बाईचं घर आहे. फेलित्सिया त्सुरिवोवा, जन्म १९०४, मृत्यू १९७४. त्या गेल्यावर घर तसंच राखलं आणि १९७८ पासून ते संग्रहालय आहे, तार्नुफच्या संग्रहालयाच्या अखत्यारीत. लाकडी ओंडक्यांचं घर, वर गवताचं छप्पर, भिंतींना चुना आणि चुन्यावर फुलं. बाहेर फुलं, आत फुलं, छतावर फुलं, तुळईवर फुलं, चुलीच्या अंगावर फुलं. अंगणातली विहीर रंगवलेली. कुत्र्याचं घरसुद्धा रंगवलेलं. छताला गवताच्या काड्या आणि कागदाची फुलं ओवून केलेलं झुंबर टांगतात, त्याला ते 'कोळी' म्हणतात. मी वर बघत राहिले तर मान धरली.

तिथल्या जुन्या घरांत दोन खोल्या असायच्या. एक काळी, एक पांढरी. काळीत चूल, जेवण, झोपणं, रोजचं सगळं. पांढरी पाहुण्यासाठी आणि सणासाठी. आमच्या घरी ढाळजेत आल्यागेल्याची बैठक, आणि आत चुलीची अंधारी खोली. मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

गाइडची गोष्ट अशी: घरांना धुराडं नव्हतं, धुरानं भिंती काळ्या व्हायच्या, म्हणून बायकांनी काजळी झाकायला फुलं काढली. ऐकायला गोड आहे. पण ज्या बाईनं काजळीच्या भिंतीवर हात फिरवलाय तिला विचारा, काजळीवर फूल टिकतंय का! आधी फुलं नव्हतीच. त्या काळ्या भिंतीवर बायका चुन्याचे नुसते पांढरे ठिपके मारायच्या, बर्चच्या काड्यांच्या कुंच्यानं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं धुराड्याच्या चुली आल्या, भिंती पांढऱ्या राहायला लागल्या, तेव्हा कुठं फुलांना जागा मिळाली. काजळी, चुना, रंगीत माती हेच रंग. ब्रश गाईच्या शेपटीच्या केसांचे. १९०५ च्या सुमारास व्लादिस्वाव हिकेल नावाच्या माणसानं यावर लिहिलं, तेव्हा बाहेरच्यांना या भिंतींचा पत्ता लागला. बायका त्याच्या आधीपासून रंगवतच होत्या.

आत एक वयस्कर बाई देखरेखीला होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोलिश. गाइड बाहेर फोनवर. मी भिंतीकडं बोट केलं आणि हवेत पोतारून दाखवलं. डाव्या हातात वाटी धरल्यासारखी, उजव्या हातात फडकं, खालून वर, मग कोपऱ्यात दाबून. बाई एकदम हसल्या. त्यांनीही हवेत करून दाखवलं, पण त्यांचा हात मनगटातून उडत होता, सडा टाकल्यासारखा. ठिपके! मग एका कोपऱ्यातून त्यांनी काड्यांचा कुंचा आणून दाखवला. आपल्याकडं केकताड ठेचून करतात, अगदी तसा. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून भिंत नसलेल्या हवेला पाच मिनिटं रंग देत होतो. ह्यांनी फोटो काढला नाही, कारण ते छताकडं बघत होते. त्याबद्दल त्यांना वेगळे गुण कापले आहेत.

इथं माझ्या मायचं सांगावं लागतं, नाहीतर हे सोळा हजार वसूल का वाटले ते कळायचं नाही.

आमचं माहेर औसा तालुक्यातलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवद, माळवदाला धूर जायला सवणं. दसरा जवळ आला की माय नदीकडून पांढरी माती आणायची, रात्रभर भिजवायची, आणि सकाळी फडक्यानं सगळं घर पोतारायची. चुलीमागची भिंत शेवटी, कारण तिला तीन हात लागायचे. वाळल्यावर उंबऱ्यापाशी गेरूची चार बोटं ओढायची, दिवळीच्या भोवती ठिपके. एवढीच नक्षी. मला लहानपणी वाटायचं, ही काय नक्षी आहे!

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना ते सगळं खाली आलं. गणपती बुडवून आदल्या रात्री माणसं झोपली होती. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बरीचशी त्याच पोतारलेल्या भिंतींखाली. बावन्न गावं उठवून नवीन जागी बसवली. आमचंही. तिथं सगळी घरं सिमेंटची, एका साच्याची. पहिल्या दसऱ्याला मायनं तिथंही पांढरी माती भिजवली. सिमेंटला ती धरेना. वाळली की पापुद्रे, हात लावला की भुगा. दुसऱ्या वर्षी तिनं मातीच आणली नाही.

त्यामुळं मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांचा मला राग येतो, अजूनही. झालिप्येत तो राग आला नाही. घर लाकडाचं आहे, म्हणून असेल.

आता सहलवाल्यांवर माझा खरा आक्षेप. या भिंती आपोआप टिकल्या, गावातल्या बायका फार हौशी, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. हौस होतीच. पण हा मुलूख १७७२ मध्ये ऑस्ट्रियानं घेतला, तो १९१८ पर्यंत त्यांच्याकडं होता. मधली सव्वाशे वर्षं पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. शेतकऱ्याला जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायला जावं लागायचं. आपल्याकडं वेठ म्हणतात ती. १८४६ मध्ये याच तार्नुफच्या परिसरात शेतकरी उठले आणि जमीनदारांचे सुमारे पाचशे वाडे लुटले-जाळले, हजाराच्या आसपास माणसं मारली. दोन वर्षांनी, १८४८ ला, वेठ संपली. पुढं १९१४-१५ च्या हिवाळ्यात दुनायेत्सच्या काठावर रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा समोरासमोर बसून होत्या, ते मे महिन्यात मोठी चढाई झाली तेव्हा हललं. मग १९३९ ला जर्मन आले. वाटेत दोंब्रोवा तार्नोव्स्का लागतं, तिथं ज्यूंचं मोठं प्रार्थनाघर आहे, डागडुजी करून उभं केलेलं. प्रार्थनेला येणारी वस्ती राहिली नाही. आमची गाडी त्या गावातून न थांबता गेली.

एवढं झाल्यावर फुलं कोण काढणार? रंगवण्याची पद्धत विझतच आली होती. १९४८ मध्ये 'रंगवलेलं घर' अशी स्पर्धा सुरू झाली, १९६५ पासून ती दरवर्षी होते. बहुतेकदा जून महिन्यात, कॉर्पस क्रिस्टी हा ख्रिस्ती सण झाला की त्या आठवड्याच्या शेवटी परीक्षक घरोघर फिरतात. बक्षीस असतं, म्हणून दरसाल भिंती नव्या होतात. यात कमीपणा काय आहे? आमच्या शाळेत रांगोळी स्पर्धेला पाच स्टीलच्या वाट्या ठेवल्या की पोरी कशा राबायच्या, मी बघितलंय. त्सुरिवोवाबाईंनीही घर दाखवायला मांडलं, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावलं, गावातल्या बायकांना पुढं केलं. हे सांगितलं असतं तर त्या फुलांची किंमत कमी झाली नसती, उलट वाढली असती. १९४८ ऐकून माझ्या डोक्यात दुसरंच आलं. त्याच सालच्या १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाकडून सुटला. आपल्याला त्या साली भिंती सुचायचं काही कारण नव्हतं.

पोलंडचं आणि आपलं नातं म्हणाल तर कोल्हापूरजवळचं वळिवडे आहे. युद्धात परागंदा झालेली पाचएक हजार पोलिश माणसं १९४३ ते ४८ तिथं छावणीत राहिली होती. मी गाइडला हे सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. दोन मिनिटं तो ऐकत होता, मग गाडीची वेळ झाली.

जेवण सहलीच्या पैशात धरलेलं होतं. मी माळकरी. आधी कळवलं होतं, दोनदा. बटाटा आणि पनीरासारखा चक्का भरलेले पिएरोगी आले, आपल्या उकडीच्या करंज्याच म्हणा, आणि वरून तळलेल्या चरबीचे बारीक तुकडे भुरभुरलेले. वाढणाऱ्या बाईला वाटलं मांस म्हणजे मोठा तुकडा. चूक तिची नाही, कळवायचं काम सहलवाल्यांचं होतं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या जोडप्यानं चटणी मागून घेतली, दोनदा. ह्यांनी माझेही पिएरोगी संपवले.

नंतरच्या शनिवारी आम्ही पोराची गाडी घेऊन स्वतः परत गेलो. क्राकुफहून तार्नुफपर्यंत आगगाडीनंही जाता येतं, पण पुढं गावापर्यंत बस फार कमी, तेव्हा स्वतःची गाडी असलेली बरी. त्या दिवशी पाच तास घालवले. 'दोम मालारेक' म्हणजे चित्रं काढणाऱ्या बायकांचं घर, ते पहिल्या खेपेला नुसतं खिडकीतून दिसलं होतं. तिथं बायकांनी रंगवलेली ताटं, चमचे, कापडं बघायला आणि घ्यायला मिळतात. पहिल्या दिवशीच्या दुकानातलं घेऊ नका, तिथल्या निम्म्या ताटांवरचं फूल छापील होतं, नखानं कळतं. सेंट जोसेफचं चर्च आतून फुलांनी भरलंय, तिथं दहा मिनिटं नाही, निवांत बसा. रंगवलेला छोटा पूल आहे, त्यावर सगळेच फोटो काढतात, आम्हीही काढला. ज्या घरांत माणसं राहतात त्यांच्या अंगणात न विचारता शिरू नका. एका घरापाशी आजी पावट्यासारखं काहीतरी सोलत बसल्या होत्या आणि सहलीचा एक गट त्यांच्याच खिडकीला टेकून उभा होता. मला लाज वाटली, त्यात आमचे नऊ जण नव्हते तरीही.

जून सोडून जायचं तर जाण्याआधी उघडं आहे का ते बघून घ्या. पायात चप्पल नको, गवत ओलं असतं. गुडघे दुखत असतील तरी चालेल, चढ कुठंच नाही.

माय आता ऐंशीची आहे. परवा तिला मोबाइलवर सगळे फोटो दाखवले. फुलं बघून ती काही बोलली नाही. विहीर बघितली, म्हणाली, "पाणी दिसंना." पांढऱ्या खोलीचा फोटो आल्यावर तिनं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, परत जवळ आणला.

"ह्या वरच्या फुलाला हात कसा पुरला गं हिचा?"

"बाजेवर उभी राहिली असंल."

"बाजंवर उभं राहून हात थरथरतोय. रेघ बघ की, कुठं हाललीय का?" तिनं बोटानं फोटो मोठा केला, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे, आणि छताच्या कोपऱ्यातल्या एका निळ्या पाकळीवर थांबली. "ही दोनदा काढलीय. खालचा रंग दिसायलाय. वाळायच्या आधीच हात लावला हिनं."

मी दोन खेपा जाऊन आले, मला ते दिसलं नव्हतं.